खाचराचं तोंड किती रुंद? उतारावरच्या भाताविषयी वाचकांचे प्रश्न

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांतून भातखाचरांविषयी आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. एक पत्र नाशिकरोडहून आलंय, पण शेत कोकणातलं आहे. बहुतेकांनी ‘कोणतं खत टाकू’ असं विचारलंय आणि आमची बरीचशी उत्तरं बांधावर आणि पाण्यावर गेली आहेत. त्याला इलाज नाही. पावसाआधी मातीकामाला अजून दोन-तीन आठवडे हाताशी आहेत, तेवढ्यात ते उरकून घ्या.

प्रश्न : आमची उतारावर एकाखाली एक पाच खाचरं आहेत, मिळून एकरभर. वर एकरभर गवताळ टेकाड आहे. चौथ्या खाचराचा बांध दर आषाढात एकाच जागी फुटतो. दरवर्षी फांद्या, पेंढा आणि माती भरून बुजवतो. बांध फूटभर उंच आहे, पाणी बाहेर सोडायचं तोंडही फूटभर रुंद आहे. आणखी उंच करावा का? (इगतपुरी तालुका)

नुसती उंची वाढवून भागणार नाही. आधी हिशेब बघा. आषाढातल्या जोराच्या सरीचा वेग तासाला १०० मि.मी. धरावा. एवढा जोर तासभर टिकत नाही, पण बांध फुटायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. जमीन तेव्हा आधीच तुडुंब असते, मुरायला जागा नसते. एका एकरावर, म्हणजे ४००० चौ.मी.वर, असा पाऊस पडला की तासाला ४०० घनमीटर पाणी वाहतं. सेकंदाला साधारण ११० लिटर. टेकाड धरून तुमच्या खालच्या खाचरांवर जवळपास दोन एकरांचं पाणी येतं, म्हणजे सेकंदाला २२० लिटर. आणि फूटभर रुंदीच्या तोंडातून १५ सें.मी. खोल धार गेली तरी सेकंदाला ३० लिटरच बाहेर पडतात. सगळं पाणी त्याच तोंडातून काढायचं तर धार जवळपास दोन फूट खोल वाहायला हवी, आणि बांध आहे एक फुटाचा. उरलेलं पाणी बांधावरून जातं आणि जिथे माथा बोटभर खाली दबलेला असेल तिथेच उतरतं. तुमची ‘तीच जागा’ ती ही.

दोन कामं करा. पहिलं, टेकाडाचं पाणी पहिल्या खाचराच्या वरच अडवून बाजूच्या ओहोळात काढा. त्यासाठी दोन फूट रुंद, दीड फूट खोल चर पुरे. उतार शंभर फुटाला अर्धा फूट. जास्त दिलात तर चरच खणत जाईल आणि पुढच्या वर्षी त्याची घळ होईल. चराच्या खाचराकडच्या काठाला एक तोंड ठेवून ते दगड-मातीने बंद करा. भादव्यात उघडीप पडली की तेच तोंड उघडून टेकाडाचं पाणी खाचरात घेता येतं. ते कायमचं तोडू नका, हा चर करणारे बरेच जण इथेच चुकतात.

दुसरं काम तोंडाचं. आता खालच्या खाचरांवर एकराचंच पाणी उरलं, म्हणून तिथलं तोंड किमान ११० सें.मी. रुंद हवं. वरच्या खाचरांना त्या प्रमाणात कमी चालेल: वीस गुंठ्यांचं पाणी येत असेल तर ५५ सें.मी. तोंडाचा उंबरा खाचराच्या तळापासून ८ ते १० सें.मी. उंच ठेवा, म्हणजे तेवढं पाणी भाताला उभं राहील. उंबऱ्यावर १५ सें.मी. धार आणि तिच्यावर १५ सें.मी. मोकळी जागा धरली की बांधाची उंची ४० सें.मी. होते. म्हणजे थोडं उंच करायचं आहे, पण आधी रुंद तोंड. ते भरावाच्या मातीत काढू नका. खाचराच्या टोकाला, जिथे मूळची घट्ट जमीन लागते, तिथे काढा. उंबरा आणि दोन्ही गाल दगडाने बांधा, आणि खाली पाणी पडतं तिथे हातभर रुंदीत दगड आडवे लावा. नाहीतर खड्डा पडतो आणि बांध पायातून खचतो. एका खाचराचं तोंड डाव्या टोकाला असेल तर खालच्याचं उजव्या टोकाला ठेवा.

फुटलेली जागा बुजवताना फांद्या, पेंढा काही घालू नका. ते कुजलं की त्या जागी पोकळ नळी उरते आणि पाणी तिच्यातूनच वाट काढतं. फुटीच्या दोन्ही बाजूंची जुनी माती पायऱ्या-पायऱ्यांनी कापा, तळाशी वीत-दीड वीत खोल चर खणून घट्ट माती लागू द्या, आणि तिथून वर ओलसर चिकण माती वीत-वीत थराने टाकत धुम्मसाने ठोका. बांध तळाला ९० सें.मी. आणि माथ्याला ४५ ते ५० सें.मी. रुंद असावा. माती त्याच बांधाच्या पायथ्यातून उकरू नका.

आणि खेकडे. बांधाच्या खालच्या अंगाला पाणी झिरपतं ते बघा: स्वच्छ येत असेल तर थांबता येईल, गढूळ येत असेल तर आतली माती निघून चालली आहे, त्याच दिवशी हात घाला. बिळाच्या तोंडाशी मातीच्या ताज्या गोळ्या पडलेल्या दिसतात. बाहेरचं तोंड बुजवून काही साधत नाही. आतल्या, पाण्याच्या बाजूचं भोक शोधून कुदळीने मोठं करा, दगडाच्या कपच्या आणि चिकण मातीचे गोळे आत ठासा आणि वरून लिंपा. विष टाकायचं मनातही आणू नका. पावसाळ्यात तेच खेकडे घरोघरी कालवणात जातात, आणि विषाचं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात.

प्रश्न : वरच्या दोन खाचरांतल्या इंद्रायणी भातात दरवर्षी पोचे (रिकामे दाणे) फार. खालची खाचरं चांगली पिकतात. खत सगळीकडे सारखंच आहे. (पेठ तालुका)

पोचा कशाने झाला ते आधी ओळखा. पांढरी पडलेली लोंबी धरून वर ओढा. अलगद निघून आली आणि टोक कुरतडलेलं दिसलं तर तो खोडकिडा. निघत नसेल आणि लोंबीत काही दाणे भरलेले, काही अर्धवट, काही रिकामे असतील तर पाणी कमी पडलं. खालची खाचरं चांगली आहेत यावरून तुमच्याकडे पाण्याचाच संशय जास्त आहे.

इंद्रायणी १३५ ते १४० दिवसांची. १० जूनला रोप टाकलं तर ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फुलते आणि दाणा भरतो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. नेमका तेव्हा पाऊस बेभरवशाचा असतो. वरच्या खाचरांत माती उथळ, त्यांना वरून झिरपून काही येत नाही, आणि त्यांच्यातलं पाणी मात्र खाली झिरपत राहतं. पाऊस थांबल्यावर आठवड्यात तिथे भेगा पडतात. खालच्या खाचरांना तेच झिरपलेलं पाणी पंधरा दिवस पुरतं.

म्हणून जुनी वाटणीच बरोबर होती: वर हळवं, मध्ये निमगरवं, खाली गरवं. हळवं म्हणजे ११५ दिवसांच्या आतलं, निमगरवं १३५ पर्यंत, गरवं त्यापुढचं. वरच्या दोन खाचरांत कर्जत-३ किंवा कर्जत-१८४ सारखं हळवं वाण घ्या. ११० दिवसांचं वाण त्याच दिवशी टाकलं तर ऑगस्टच्या अखेरीस फुलतं, तेव्हा पाण्याची चिंता नसते. इंद्रायणीचा भाव आणि वास त्यात मिळणार नाही, हे खरंय. शिवाय ते सप्टेंबरअखेरीस कापणीला येतं, म्हणजे पावसाच्या तावडीत सापडू शकतं आणि आजूबाजूला दुसरं काही पिकलेलं नसल्याने पाखरं सगळी तुमच्याकडे. एकट्याच्या एका खाचरात करण्यापेक्षा शेजारच्यांशी बोलून वरची पट्टी मिळून हळवी करावी.

वाण बदलायचंच नसेल तर फुलोऱ्याच्या आधी तोंडाचा उंबरा मातीने चार बोटं उंच करून शेवटच्या पावसाचं पाणी धरा. याने आठवडाभर निभावतं, त्याहून जास्त नाही.

खोडकिडा निघालाच तर या हंगामासाठी एवढं करा: आवणीआधी (रोपं खाचरात लावण्याआधी) रोपांचे शेंडे कापून टाका, कारण किडीचे अंडीपुंज तिथेच असतात. कापणी जमिनीलगत करा आणि धसकटं लगेच नांगरून काढा.

प्रश्न : राब (रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळणं) भाजावा की नाही? कृषी सहायक नको म्हणतात, घरातली म्हातारी माणसं भाजल्याशिवाय रोप येत नाही म्हणतात. (त्र्यंबकेश्वर)

दोघांचंही खरं आहे. भाजल्याने वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, राख लगेच लागू होते आणि माती मोकळी झाल्याने आवण (रोपं) उपटताना मुळं तुटत नाहीत. पण त्यासाठी शेतात जायचं शेणखत जळतं आणि ऐनाची (सादड्याची) झाडं बोडकी होतात.

तण फार नसेल तर गादीवाफा करा. एक मीटर रुंद, १० सें.मी. उंच, लांबी जागेप्रमाणे. चौ.मी.ला एक किलो तुसाची काळी राख वरच्या मातीत मिसळा. घोटीच्या भातगिरण्यांकडे तूस मिळतं. ते ढीग करून मंद जाळा, ज्वाळा होऊ देऊ नका. पांढरी झालेली राख उपयोगाची नाही, काळी हवी. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप ताठ होतं आणि खोडकिड्याला कोवळं खोड मिळत नाही. एक एकर आवणीला चार गुंठे रोपवाटिका लागते. बियाणं बारीक दाण्याचं १५ किलो, जाड दाण्याचं २० ते २४ किलो.

बी टाकण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडा, तरंगेल ते काढून टाका, तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. घरच्या बियाण्यासाठी तर हे टाळूच नका. तणाची जागा असेलच तर राब भाजा, पण पालापाचोळा आणि गवताचा पातळ थर देऊन. फांद्या तोडू नका.

प्रश्न : मागच्या वर्षी जेसीबीने उतारावर ८ मीटर रुंदीची नवी खाचरं पाडली. भात बाहेरच्या कडेला बरा, आतल्या अंगाला पिवळा आणि वीतभरच वाढलेला. युरिया दोनदा दिला, फरक नाही. (सुरगाणा)

तुम्ही उतार शंभर फुटाला बारा फूट आणि मातीचा थर फूटभर असल्याचं कळवलंय. ८ मीटर रुंदीत १२ टक्के उताराने जमीन ९६ सें.मी. खाली जाते. ती सपाट करताना निम्मी उंची आतून कापली जाते आणि निम्मी बाहेर भरली जाते, म्हणजे डोंगराकडच्या कडेला ४८ सें.मी. खोल कापलं. माती होती ३० सें.मी. त्यामुळे आतल्या अंगाला भात मुरमात उभा आहे आणि तुमची सगळी काळी-तांबडी माती बाहेरच्या भरावात खाली गाडली गेली आहे. मुरूम युरिया धरून ठेवत नाही, दोनदा काय चारदा दिलात तरी तो पाण्याबरोबर खाली जाणार.

पुढची खाचरं पाडताना हे गणित लक्षात ठेवा: आतल्या कडेची कापणी = रुंदी × उतार ÷ २. फूटभर मातीत १८ सें.मी.पेक्षा जास्त कापू नये. १२ टक्के उताराला ही रुंदी ३ मीटरच येते. जेसीबीवाल्याला अरुंद खाचर नको असतं, त्याचं यंत्र तिथे वळत नाही. पण शेत त्याच्या सोयीने पाडायचं नसतं. वरचा वीतभर थर आधी खरवडून बाजूला ढीग करा, मग कापणी-भराई करा, शेवटी तो थर पसरवा. आणि भराव दबतो, म्हणून बाहेरची कडा ४० सें.मी. भरावाला ४ सें.मी. चढती ठेवा.

झालेल्या खाचरांना झटपट उपाय नाही. आतल्या निम्म्या पट्टीत तळ्याचा किंवा धरणाचा गाळ ३ सें.मी. थराने पसरवा. गुंठ्याला तीन घनमीटर लागतो, साधारण एक ट्रॉली. शिवाय त्या पट्टीला गुंठ्याला १०० किलो कुजलेलं शेणखत द्या. बांधावर गिरिपुष्पाची छाटं लावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून त्याचा पाला गुंठ्याला ३० किलो प्रमाणे आवणीआधी आठवडाभर चिखलात गाडता येतो. या वर्षी आतल्या पट्टीत भाताचा हट्ट न धरता नागली लावली तरी चालेल. नव्या भरावावर पहिली दोन वर्षं ५ सें.मी.पेक्षा जास्त पाणी उभं करू नका.

प्रश्न : खाचरं वाकडीतिकडी आहेत. त्यात चारसूत्री भातलागवड आणि ब्रिकेट (खताची दाबून केलेली गोळी) कसं जमवायचं? (इगतपुरी तालुका)

डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्रीतलं लावणीचं अंतर २५ आणि १५ सें.मी. असं आलटून-पालटून असतं, दोरीवरही आणि दोन ओळींतही. त्यामुळे १५ × १५ चा चार चुडांचा (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुड्यांचा) लहान चौकोन तयार होतो. त्याच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी गोळी ७ ते १० सें.मी. खोल दाबायची. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोला थोडं कमी.

वाकड्या खाचरात सगळ्यात लांब सरळ बाजू धरून दोरी लावा आणि टोकांना उरणारे कोयरीच्या आकाराचे तुकडे नेहमीसारखे लावून टाका. तिथे हात अडकवू नका. मजूर गोळी २५ सें.मी.च्या मोकळ्या पट्ट्यात टाकतात, कारण तिथे हात सहज जातो. ते चुकीचं आहे. आवणीच्याच दिवशी, दोन-तीन सें.मी. पाण्यात गोळ्या द्या. त्या कोरड्या डब्यात ठेवा, ओल्या हातात विरघळतात. उतारावर याचा फायदा सपाटीपेक्षा जास्त आहे: फेकलेला युरिया तोंडातून वाहून खालच्याच्या खाचरात जातो, खोल दाबलेली गोळी जात नाही. मात्र मुरमाड, गळक्या खाचरात गोळीही तळातून निघून जाते. आणि तिच्यात पालाश नसतं, ते चिखलणीच्या वेळी वेगळं द्यायचं.

प्रश्न : नाशिकरोडला राहतो. राजापूर तालुक्यात उतारावर आमचे सहा कुणगे (खाचरं) आहेत, भाऊ कसतो. जांभ्याच्या गडग्याला (कोरड्या दगडी भिंतीला) दोन वर्षांपूर्वी सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरल्या. यंदा गडगा मधोमध पोट काढून पुढे आलाय. वरचे कुणगे दुसऱ्याचे, पडीक आहेत.

दर्जा भरल्यानेच पोट आलं. कोरडा गडगा पाण्याला सांध्यातून वाट देतो, म्हणून टिकतो. सांधे बंद केले की मागची माती भिजून जड होते, पाणी साठतं आणि सगळा रेटा गडग्याच्या कमरेवर येतो. पुढे आलेला गडगा टेकू देऊन सुधारत नाही. तेवढा भाग उतरवा आणि पुन्हा रचा.

पाया घट्ट जमिनीत फूटभर खाली न्या. गडगा एक मीटर उंच असेल तर तळाला ५० ते ६० सें.मी. जाडी हवी. तोंड सरळ उभं रचू नका. मीटरभर उंचीत वीतभर डोंगराकडे कललेलं असावं. प्रत्येक थरात दीड-दोन हातांवर एक लांब दगड आडवा आत घुसवा, त्याची शेपूट मागच्या भरावात गेली पाहिजे. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. गडगा आणि माती यांच्यामध्ये जांभ्याच्या कपच्यांचा वीतभर थर भरत वर या. सगळा रचून झाल्यावर मागे कपच्या ओतल्या तर त्या तळापर्यंत पोचत नाहीत. काजू-आंब्याचं रोप गडग्याच्या माथ्यावर उगवलं असेल तर आताच उपटा.

पण खरी गोची वरच्या पडीक कुणग्यांची आहे. तिथे मेर (बांध) कोणी लिंपत नाही, खेकड्यांची बिळं कोणी बुजवत नाही, आणि पाणी मात्र साठत राहतं. एक दिवस ती मेर फुटते आणि सगळा लोंढा एकदम तुमच्यावर येतो. मालक मुंबईत असेल तर फोन करून परवानगी घ्या आणि मे महिन्यातच त्या प्रत्येक कुणग्याची मेर कडेला, घट्ट जमिनीवर, हातभर रुंद तळापर्यंत उघडून ठेवा. न कसलेल्या कुणग्यात पाणी साठू द्यायचं नाही. त्या तोंडांतून येणारं पाणी तुमच्या कुणग्यांत न घेता बाजूच्या पऱ्याला (ओहोळाला) नेता आलं तर उत्तम.

प्रश्न : सगळ्यात खालच्या खाचरात पाण्यावर तेलासारखा तवंग येतो आणि खालच्या पानांवर तांबूस ठिपके पडतात. औषध कोणतं? (पेठ तालुका)

औषध नको. काडीने तवंग हलवा. तेल असेल तर पुन्हा जुळून येतं, लोहाचा असेल तर काचेसारखे तुकडे होऊन फुटतो. वरून झिरपणारं लोहयुक्त पाणी तिथे साचून राहिलंय आणि मुळांना हवा नाही. डोंगराकडच्या कडेला फूटभर खोल चर काढून झिरपणारं पाणी परस्पर ओहोळात सोडा, खाचर चार-पाच दिवस रिकामं करून माती वाफशावर येऊ द्या, मग पुन्हा पाणी घ्या. नवी पानं हिरवी निघाली की काम झालं; जुन्या पानांवरचे ठिपके जाणार नाहीत.